भिंतीवरची नव्वद जोड पावलं

१

मंगळवारी दुपारी चारला दादांनी दुकान उघडलं, आत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन पायरीवर बसले. मी शेजारीच माझ्या दुकानाचं कुलूप काढत होते.

"काय झालं हो दादा?"

"पाय गेले," ते म्हणाले.

मला वाटलं, चक्कर आली असणार. धावत जाऊन स्टूल आणलं, पाणी आणलं. त्यांनी दोन्हींकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझे नाहीत गं. लोकांचे. सगळ्यांचे."

मी आत डोकावले. मशीन जागेवर, चामड्याच्या गुंडाळ्या जागेवर. समोरची भिंत मात्र उघडीबोडकी.

दादा मापाचे बूट शिवतात. आधी पावलाचं माप घेऊन लाकडाचा साचा करायचा, हुबेहूब त्या माणसाच्या पावलासारखा, आणि मग त्यावर चामडं ओढून बूट शिवायचा. वयाबरोबर पाऊल बदललं की साच्यावर चामड्याची चकती चिकटवून त्यालाही बदलायचं. अंगठ्याशी हाड वाढलेला पोस्टमन, एक पाय बोटभर आखूड असलेल्या शाळेच्या बाई, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे बदकासारखे सपाट तळवे, असे नव्वद जोड त्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेले असत. प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. आता चिठ्ठ्या होत्या, साचे नव्हते.

सगळं सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते. ती रिकामी भिंत बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'अरे देवा' नव्हतं. 'बरं झालं' हे आलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलंही, पण आलं होतं.

मी रफू करते. फाटलेलं कापड असं जोडते की कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. म्हणजे माझं काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला दिसत नाही. लोक कोट टाकतात, दोन दिवसांनी नेतात, झालं. दादांकडे मात्र तासतासभर बसतात, पाय पुढे करून आपल्या घरच्या गोष्टी सांगतात. "आमचा साचा दादांकडे आहे," असं लोक जमीनजुमल्याबद्दल बोलावं तसं बोलतात. वीस वर्षं मी मधल्या भिंतीतून ते हसणं-खिदळणं ऐकत सुईत दोरा ओवत आले आहे.

हवालदार आला. वहीत बघत म्हणाला, "लाकूड चोरीला गेलं. जळाऊ लिहू की इमारती?"

कुणी हसलं नाही. मग त्याने कुलूप पाहिलं, मागचं दार पाहिलं. कुठे ओरखडा नाही.

"दुसरी चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," मी म्हणाले.

आणि अख्खी गल्ली वळून माझ्याकडे बघायला लागली.

२

आमची तीन दुकानं एका ओळीत. डावीकडे बॅगांचं दुकान, मध्ये दादा, उजवीकडे मी. मागे तिघांचं मिळून एक अंगण, त्याला छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे मोठ्या दुकानाचे ट्रक उतरतात ती गल्ली.

मोठं दुकान दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावर आलं. त्याची चाळीस भावंडं चाळीस गावांत आहेत, सगळी जुळी. तिथे बूट, बॅगा, कोट, सगळं एका छपराखाली मिळतं, आणि फाटलं तर कुणी रफू करत नाही, नवं घेतात. आता त्यांना आमच्या ओळीतून दुसरं दार काढायचं होतं. पालिकेत शनिवारी सुनावणी होती. त्यासाठी आम्ही समिती केली, आणि समितीचे अध्यक्ष झाले बॅगवाले. त्यांना गल्ली 'अध्यक्ष'च म्हणायची, समिती निघायच्या कितीतरी आधीपासून, कारण लग्न असो की मयत, चार शब्द बोलायला तेच उभे राहत.

पत्रकं त्यांनीच लिहिली. 'शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी आधी चढा' हे त्यांचंच वाक्य. वर्तमानपत्रात बातमी मात्र आली ती दादांच्या फोटोसकट: 'नव्वद घरांची पावलं सांभाळणारा माणूस.' अध्यक्षांनी ती कापून आपल्या काचेवर लावली होती. मी असते तर लावली नसती.

मंगळवारी दुपारी दोनला वाचनालयाच्या वर समितीची बैठक होती. सगळी दुकानं बंद. अध्यक्ष स्वतः तीनला आले, घामाघूम, बगलेत पत्रकांचा गठ्ठा. "छापखान्यात खोळंबलो," म्हणाले. पावणेचारला बैठक संपली. म्हणजे जे झालं ते त्या पावणेदोन तासांत.

हवालदार गेल्यावर मी दादांच्या मागच्या दाराची ती चावी बघितली. दोऱ्याच्या रिळांमागे एक खिळा आहे, तिथे ती टांगलेली असते, आणि तिच्यासमोर काळ्या दोऱ्याचं रीळ. चावी होती. पण आता ती रिळाच्या पुढे होती.

कुणीतरी नेली होती आणि परत आणून ठेवली होती. बैठकीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा माझ्या दुकानात कोण कोण आलं? मी बोटांवर मोजत बसले आणि तीन बोटांवर थांबले. मोठ्या दुकानाचा मॅनेजर सकाळी कोट टाकून गेला होता आणि साडेचारला घेऊन गेला. दादांचा धाकटा भाऊ सकाळी शर्टाचं बटण लावून घ्यायला आला आणि संध्याकाळी दादांसाठी पाणी न्यायला. अध्यक्ष सकाळी बैठकीची आठवण करायला आले, नंतर हवालदारासाठी खुर्ची मागायला.

तिघंही दोन-दोनदा.

समोर घड्याळाच्या दुकानावरच्या माडीत घड्याळजींची आई राहते. पाय अधू असल्यामुळे ती जेवण झाल्यापासून चार वाजेपर्यंत खिडकीतून हलत नाही. तिला विचारलं, दोन ते चारमध्ये दादांच्या दारात कोण आलं. "एक पोस्टमन, एक कुत्रं. बस," ती म्हणाली. म्हणजे समोरच्या दाराने काही गेलं नाही. गेलं ते मागून.

हे ऐकताच अध्यक्ष उसळले. "मागच्या भिंतीवरून पलीकडे, आणि पलीकडे कुणाचे ट्रक? सांगायला हवं का? पण आधी माझं दुकान तपासा. तोंडाने सांगितलेलं कुणी मानू नये!"

आम्ही तपासलं. माळा, मागची खोली, गल्ल्याखालचं कपाट. मागच्या दाराशी तीन पोती दिसली तेव्हा सगळे तिकडे धावले. पोत्यांत चुरगळलेले वर्तमानपत्रांचे बोळे निघाले, बाकी काही नाही. मग मी माझं दुकान तपासायला दिलं. घड्याळजींनी माझी चिंध्यांची पेटीसुद्धा उपसली, आणि उपसताना माझ्याकडे बघायचं टाळलं. तेवढं मला पुरलं.

रात्री जेवणाच्या आधी दादांच्या पत्नी आल्या. त्यांना आम्ही सगळे वहिनीच म्हणतो. दार लोटून हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते आता नवे साचे करू शकणार नाहीत. हात कापतो त्यांचा. त्यांनी मॅनेजरला फोन केलाय. शुक्रवारी दुकान देऊन टाकायची सही करणार. कुणाला बोलू नका. पण तुम्हाला बारीक बारीक दिसतं, तुम्ही शोधा."

"मीच घेतले असतील तर?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "तेच बघायला आलेय," त्या म्हणाल्या.

३

बुधवारी सकाळी मी मोठ्या दुकानात गेले. मॅनेजरची खोली काचेची, मासा ठेवावा तशी. त्याने उठून खुर्ची दिली. टेबलाखाली माझी नजर त्याच्या पायांकडे गेली आणि मी चपापले. टाचेवरची दुहेरी शिवण दादांची होती.

"तुमच्याच दुकानात बूट मिळतात की," मी म्हणाले.

"मिळतात. पण चावतात," तो ओशाळून हसला. "कुणाला सांगू नका. माझाही साचा त्या भिंतीवर होता. चिठ्ठीवर नाव नाही, नुसती फुली आहे."

"काल दोन ते चार कुठे होतात?"

"इथेच. कामात."

"कुणाबरोबर?"

"ते नाही सांगता येणार." चेहरा एकदम बंद झाला. "आणि दादांनीच मला फोन केला, मी नाही. तेवढं लक्षात घ्या."

बाहेर पडले तर अध्यक्ष चौकात नवी पत्रकं वाटत होते. वर जाड अक्षरात: 'आधी गिऱ्हाईक पळवलं, आता पावलं पळवली!' लोक मोठ्या दुकानाकडे बघून मुठी वळत होते. मी मात्र धाकट्याला शोधत होते.

तो अंगणात चामडं भिजवत बसला होता. दादांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, म्हणजे आता पंचेचाळीसचा, तरी गल्लीला अजून 'धाकटा'च.

"काल बैठकीला दिसला नाहीस."

"मागे उभा होतो."

"मागे खिडकी आहे. तिथे मी उभी होते." मी त्याच्याशेजारी टेकले. "काल सकाळी ज्या शर्टाला बटण लावून घेतलंस तो तुझा लग्नाकार्याचा शर्ट. मंगळवारी दुपारी कुणाचं लग्न होतं?"

त्याचे हात पाण्यात तसेच राहिले.

"साचे मी नाही घेतले, ताई."

"मग काय केलंस?"

"नोकरी मागायला गेलो होतो. मोठ्या दुकानात. चपला-बुटांच्या विभागात माणूस हवाय." मग एकदम बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. "माझी शिवण दादापेक्षा सरळ येते. दादालाही माहीत आहे. पण गिऱ्हाईक आत येतं, मला बघतं आणि विचारतं, 'दादा नाहीत का?' रोज. तीस वर्षं. तिथे निदान सगळ्यांचं नाव एकसारखं असेल, कुणाचंच नसेल. दोन वाजता गेलो, साडेतीनला बाहेर आलो. मॅनेजरने स्वतः बसवून सगळे कागद भरून घेतले. दादाला कळू देणार नाही असा शब्द दिलाय त्याने."

मी सुस्कारा सोडला. दोन माणसं एकाच खोलीत दीड तास, आणि दोघंही एकमेकांसाठी तोंड शिवून बसलेली. घाईघाईने जुळवलेला बनाव असता तर दोघांनीही तो मला आधीच ऐकवला असता.

तीन बोटांतली दोन मिटली. उरलेलं एक बोट ज्याच्याकडे वळत होतं, त्याचं दुकान आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी तपासलं होतं.

४

मी मागच्या भिंतीशी गेले. साचे ट्रकमध्ये टाकले असं सगळे म्हणत होते. नव्वद जोड म्हणजे एकशेऐंशी लाकडं, भिंतीवरून पलीकडे. पण मंगळवारी सकाळी त्याच भिंतीवर मी दोन धुतलेल्या घोंगड्या पसरून ठेवल्या होत्या. लोकर वाळेपर्यंत तिला हात लावू दिला की आकार जातो, म्हणून कडा सुताच्या दोरीने नीट ताणून ठेवते. मंगळवारी संध्याकाळी काढल्या तेव्हा ताण तसाच, कडा सरळ, धुळीचा एक ठिपका नाही. दोघींनी मिळून भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकली होती. त्यांच्यावरून एक लाकूड गेलं असतं तरी मला कळलं असतं.

म्हणजे साचे अंगणाबाहेर गेलेच नाहीत. अंगणात तीन दारं उघडतात. एक दादांचं, एक माझं, एक अध्यक्षांचं.

गुरुवारी सकाळी छापखान्यात विचारलं. "पत्रकं? ती तर सोमवारीच नेली त्यांनी," छापखानेवाला म्हणाला.

खोटं सापडलं, पण त्याने साचे सापडत नव्हते. माळ्यावर मी स्वतः चढले होते. एवढं लाकूड काय हवेत ठेवलं?

परत आले तर माझ्या दुकानात शाळेच्या बाई बसल्या होत्या. एका पायाखाली जाड वही घेतली होती. त्यांच्या रोजच्या बुटाची टाच निघाली होती आणि आता दुसरा जोड व्हायची आशा नव्हती.

"तुमच्या अध्यक्षांना झालंय तरी काय?" त्या म्हणाल्या. "पत्रक वाचून मला लाज वाटली हो. बॅग मी नेहमी मोठ्या दुकानातूनच घेते. म्हटलं, या वेळी शेजारच्याकडून घेऊ. काचेतली निळी मागितली, तर म्हणे विकायची नाही. तपकिरी मागितली, तीही नाही. वर म्हणाले, पुढच्या आठवड्यात या."

"चालत्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं?"

"पाठवलं की. चक्क दारापर्यंत पोचवायला आले."

मी सुई खोचून ठेवली आणि बाहेर पडले. अध्यक्षांच्या काचेसमोर उभी राहिले. ती काच मी रोज बघते, म्हणजे खरं तर कधीच बघत नाही. छत्तीस बॅगा आकड्यांना टांगलेल्या, गेली दोन वर्षं त्याच. नव्या बॅगेला आकार राहावा म्हणून आत कागदाचे बोळे भरलेले असतात, त्या हलक्या डुलत असतात. आज एकही डुलत नव्हती. पट्टे तारेसारखे ताणलेले. निळीच्या पट्ट्याजवळचे दोन टाके उसवायला आले होते. कागदाच्या वजनाने टाका उसवत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि ती तीन पोती! रद्दी काय कुणी चुरगळून पोत्यात भरतं? रद्दीच्या घड्या घालतात. ते बोळे कशातून तरी काढलेले होते, कारण तिथे दुसरं काही भरायचं होतं.

आम्ही माळा शोधला, कपाट शोधलं. ज्याच्यासमोर उभं राहून शोधत होतो तेच बघितलं नाही.

मी दार ढकलून आत गेले.

५

"ती निळी बॅग द्या."

अध्यक्षांनी मान वर केली नाही. "ती विकायची नाही."

"मग ती पलीकडची."

"रफूताई, मी जरा गडबडीत आहे."

"शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी चढलेय, अध्यक्ष. तुम्हीच लिहिलंय ना?"

मी हात वर करून निळी बॅग काढली. दोन हात लागले. गल्ल्यावर ठेवली तेव्हा आत लाकडावर लाकूड आपटलं. तो आवाज आम्हा दोघांच्याही ओळखीचा होता.

ते खुर्चीवर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

"दार लोटा," म्हणाले. मी लोटलं.

"पत्रकं कुणी लिहिली? मी. घरोघर कोण हिंडलं? मी. नऊ आठवडे, पायाचे तुकडे पडले. लोक दारात ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, 'खरंय हो, दादांचं दुकान जगलंच पाहिजे.' दादांचं! गल्लीत आणखी दुकानं आहेत हे कुणाच्या गावी नाही. नऊ आठवड्यांत माझी एक बॅग गेली नाही. एक! फोटो मी छापून आणायला लावला, आणि फोटोत तो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तरी गिळलं. पण सोमवारी सकाळी त्याची नात शाळेत निघाली. पाठीवर नवं दप्तर. मोठ्या दुकानाचं, चित्रवालं. माझ्या दारावरून गेली हो ती. मला हात करून गेली."

मी खाली बघितलं. माझ्या स्वतःच्या पायात त्या क्षणी मोठ्या दुकानातल्या चपला होत्या. दादांच्या भिंतीवर माझा साचा कधीच नव्हता. वीस वर्षांत मी त्यांच्यापुढे पाय केला नाही, आणि का केला नाही ते मला पक्कं ठाऊक होतं.

"पुढे काय करणार होतात?"

"रविवारी, सुनावणी झाल्यावर, मागच्या गल्लीत मीच शोधून काढणार होतो. मोठं दुकान बदनाम झालं असतं, दादाची भिंत भरली असती. आणि लोक म्हणाले असते..." ते थांबले.

"अध्यक्षांनी शोधले."

त्यांनी मान हलवली. मग पुढे झुकून घाईने म्हणाले, "तुम्ही शोधले म्हणा! मला नको ते नाव. मागच्या गल्लीत सापडले म्हणा. वर्तमानपत्रवाल्याला मी बोलावतो. फोटो तुमचा."

खोटं कशाला बोलू, मला तो फोटो दिसला. मी, हातात साचा, मागे अख्खी गल्ली. घड्याळजी अगदी पुढे उभे. किती वेळ दिसला ते सांगत नाही.

"दादा उद्या सही करताहेत," मी म्हणाले.

"कसली सही?"

"दुकान मोठ्या दुकानाला द्यायची. नवे साचे करायला त्यांचे हात राहिले नाहीत. तुमची सुनावणी शनिवारी, पण मधलं दुकान शुक्रवारीच जाणार."

अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले, गल्ल्याला धरत बाहेर पडून शेजारी दादांच्या दुकानात गेले, आणि मला मधल्या भिंतीतून त्यांचा आवाज ऐकू आला. भाषणात कधी न लागलेला, घोगरा.

"दादा, जरा माझ्याकडे येता? येताना वहिनींनाही आणा."

६

दादांना त्यांनी स्वतःच सांगितलं. उभं राहून, एकही शब्द न सजवता. वहिनींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. दादांनी निळ्या बॅगेची चेन उघडली, एक साचा काढला, अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, "बाईंचा डावा." मग दुसरी बॅग. ते जमिनीवर बसून एकेक काढत गेले.

"नातीचं दप्तर आम्ही तिकडून घेतलं, खरं आहे," साचे काढता काढता ते म्हणाले. "तिला चित्राचं हवं होतं."

"मला सांगितलं असतं तर आणून दिलं असतं."

"सांगायला हवं होतं." दादांनी आणखी एक साचा काढला. "पण तू हे चांगलं नाही केलंस. मी दोन दिवस मेलो होतो."

अध्यक्ष वाहून न्यायला पुढे झाले, तर दादांनी हात आडवा केला. धाकट्याला हाक मारली. दोघा भावांनी संध्याकाळपर्यंत साचे परत टांगले. धाकट्याने तेव्हाच नोकरीचं सांगून टाकलं. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण पहिल्यांदाच असं झालं की भिंतीला कान लावायचं मला सुचलं नाही.

सही झाली नाही. शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वर समिती बसली. तोवर सगळ्यांना सगळं कळलं होतं. अध्यक्ष दारातच उभे, हातात राजीनामा. कुणी त्यांना बसा म्हणत नव्हतं.

"उद्या पालिकेत बोलायला कोण जाणार?" घड्याळजींनी विचारलं आणि माझ्याकडे वळले. "रफूताई, तूच जा. चोर तूच पकडलास."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणते कपडे घालायचे इथपर्यंत माझा विचार पोचला होता, तेवढ्यात दादा म्हणाले, "अध्यक्षच जातील."

"दादा! तुमच्याच भिंतीवर हात टाकला त्याने!"

"भिंतीचं माझं मी बघेन. पण मला चार माणसांत बोलता येत नाही, आणि ताई रागावली की रडायला लागते. असं बोलणारा गल्लीत दुसरा कोण आहे, सांगा."

दारातल्या माणसाने राजीनाम्याचा कागद तोंडावर धरला. खांदे हलत होते. दादांनी असं माझ्याबद्दल कधी म्हटलं असतं तर!

शनिवारी ते बोलले. उठल्या उठल्या सांगितलं, "साचे मोठ्या दुकानाने चोरले असं मी छापलं. ते खोटं आहे. चोरी मी केली. या गृहस्थांची माफी मागतो." मॅनेजर खुर्चीत अवघडून बसला होता, त्याने बूट टेबलाखाली आणखी आत ओढले. मग अध्यक्ष वीस मिनिटं गल्लीबद्दल बोलले. घड्याळजींच्या आईची खिडकी, बाईंचा आखूड पाय, माझं न दिसणारं काम. हो, माझंही. पालिकेच्या साहेबांनी लिहिणं थांबवून ऐकलं. तीन चालती दुकानं पाडून दार काढता येणार नाही, असा निकाल त्याच दुपारी लागला.

गल्ली आनंदात होती, पण मला चैन पडेना. मी दादांच्या पायरीवर जाऊन बसले.

"दादा, मंगळवारी भिंत रिकामी दिसली ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं."

ते टाचेला खिळा ठोकत होते. ठोकून झाला. दुसरा तोंडातून काढला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तोंड दिसलं होतं तुझं."

"आणि काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तुझ्या दुकानाला पश्चिमेची खिडकी आहे. संध्याकाळपर्यंत उजेड. मला तीन वाजताच दिवा लावावा लागतो. वीस वर्षं झाली, रोज दिवा लावताना तुझ्या नावाने बोटं मोडतो."

मी काही बोलायच्या आत ते उठून आत गेले. तीन वाजून गेले होते.